चाळीस मीटरची खरखर आणि चिनी लूप अँटेना

हॅम (हौशी) रेडिओवर ऐकण्यासाठी हा चिनी लूप, म्हणजे गोल कड्याचा छोटा अँटेना, घ्यायचा असेल तर आधी एक ठरवा: तुमची खरखर गल्लीतली आहे की आभाळातली? गल्लीतली असेल तर साडेचार हजार वसूल. आभाळातली असेल तर जेमतेम निम्मे.

आम्ही साताऱ्यात गोडोलीला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. गच्चीवर चाळीस मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) डायपोल, म्हणजे दोन बाजूंना ताणलेला अँटेना, उघड्या तांब्याच्या तारेचा, आणि समोरच डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. उन्हाळ्यात खांबावरच्या गंजलेल्या, ढिल्या जोडांत बारीक ठिणग्या उडतात आणि ७ मेगाहर्ट्‌झवर नुसती खर्रर्र. एक सर येऊन जोड भिजले की चिडीचूप. ऊन तापलं की पुन्हा सुरू.

लूप गॅलरीत पीव्हीसी पाइपवर बसवला. लावल्या लावल्या त्यावरही रेडिओचा मीटर खरखरीचा जोर एस ७ दाखवत होता, म्हटलं पैसे गेले. मग हळूहळू फिरवत गेलो. लूपच्या गोलाचं तोंड (ज्यातून आरपार दिसतं ती बाजू) ज्या दिशेला असतं, तिकडचं त्याला कमी ऐकू येतं. तोंड बरोबर डीपीकडे झालं आणि काटा एस ३ वर. चार एस म्हणजे २४ डेसिबल, थट्टा नाही! सिग्नल डायपोलपेक्षा बारीक येतो, पण डायपोलवर खरखरीत बुडालेला केरळचा गडी इथे शब्द न् शब्द कळला. थोडं जरी हललं तरी मजा गेली, म्हणून पाइप खालून फिरवायची सोय कराच.

आता वळीव. दुपारनंतर माण-खटावच्या बाजूला ढग दाटले की बँडवर चटचट-कडाड चालू होतं, इथे टिपूस नसताना. तोंड पूर्वेला केलं की ते बरंचसं दबतं. रात्री मात्र लूपने हात टेकले. दिवसा आयनोस्फिअरचा (वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याचा) खालचा थर लांबचं शोषून घेतो. अंधारात तो विरतो आणि शेकडो किलोमीटरवरच्या विजा वरून परावर्तित होऊन चहूबाजूंनी येतात. तोंड फिरवणार तरी कुठे? ऐंशी मीटर बँडवर तर मे महिन्यात रेडिओ बंद करून झोपावं हे बरं.

पावसाचा आणखी एक आवाज असतो. विद्युतभारित थेंब डायपोलच्या तारेवर आपटतात आणि फुसफुस वाढत जाते. पागोळ्यांच्या आत टांगलेला लूप यातून सुटला, पण ते श्रेय पत्र्याचं.

बांधणी यथातथाच. डबीच्या झाकणाला रबर नाही, कनेक्टर उघडा. पावसाळ्याआधी टेप गुंडाळा, एमसील लावा. वीज जवळ आली की केबल काढून ठेवा. आणि हा फक्त ऐकायचा अँटेना आहे. पीटीटी (बोलायचं बटण) दाबताच लूपची जोडणी तोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, घ्या, नाहीतर आतला ॲम्प्लिफायर पहिल्याच सीक्यूला (‘कुणी आहे का’ या हाकेला) जळायचा. विकणाऱ्याने दिलेल्या कागदावर याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही.