म्हाडा, एडब्ल्यूएचओ की गावाकडंच बांधायचं? बोर्ड आऊट झालेल्या जवानाच्या घराचा हिशोब

बोर्ड आऊट होऊन म्हणजे मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवून फौजेतून घरी आलेल्या पोरांचा पहिला प्रश्न पेन्शनचा असतो आणि दुसरा घराचा. पेन्शनचं स्पर्शवर म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाईन पोर्टलवर आज ना उद्या मार्गी लागतं, घराचं मात्र जो तो वेगळंच सांगतो, कोणी म्हणतं म्हाडात कोटा आहे फॉर्म टाक, कोणी म्हणतं आर्मीची सोसायटी म्हणजे एडब्ल्यूएचओ बघ, आणि सासरे म्हणतात दोन गुंठे पडलेत ना गावात मग तिथंच बांधा की. मी युनिटात क्लार्क होतो, त्यामुळे ओळखीतले लोक अजूनही पीपीओची म्हणजे पेन्शनच्या आदेशाची फाईल घेऊन येतात आणि तेच तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. घरासाठी म्हणून रोख पैसे आपल्याकडं सरकार फार कमी देतं, देतं ते रांगेतला पुढचा नंबर. अमेरिकेत व्हीलचेअरवरच्या माजी सैनिकाला घर तसं बांधून किंवा बदलून घ्यायला त्यांचं व्हेटरन्स खातं एक लाख डॉलरच्या वर ग्रँट देतं, आपल्याकडं रॅम्प आणि बाथरूमसाठी असं वेगळं काही नाही. म्हणजे कुठली पण स्कीम घ्या, बहुतेक पैसा तुमचाच किंवा बँकेचा.

दुसरं म्हणजे तुमची इजा कागदावर कशी लागली आहे ते बघा. बॅटल कॅज्युअल्टी म्हणजे लढताना झालेली आहे, ड्युटीमुळे झालेली म्हणजे अट्रिब्युटेबल आहे, का दोन्ही नाही. पुढचे अर्धे दरवाजे याच्यावरच उघडतात. आणि हो, सर्व्हिस पूर्ण झाली नाही म्हणून आपण माजी सैनिक नाही असं समजून गप्प बसणारे पण भेटतात, मेडिकल ग्राउंडवर काढलं आणि अपंगत्वाची पेन्शन चालू आहे तर तुम्ही माजी सैनिकच, सैनिक बोर्डात म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ओळखपत्र काढून घ्या.

आता म्हाडा. लॉटरीत माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना 5 टक्के घरं असतात, तो ईएक्स कोटा. त्याशिवाय 2 टक्क्यांचा डीएफ असतो, म्हणजे संरक्षण दल किंवा सीमा सुरक्षा दलातले जे लढताना मारले गेले, जखमी होऊन अपंग झाले किंवा बेपत्ता झाले ते आणि त्यांचे कुटुंबीय. आणि तिसरा दिव्यांगांचा कोटा, त्याला लष्करी मेडिकल बोर्डाची टक्केवारी दाखवून भागत नाही, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढावं लागतं आणि अपंगत्व किमान 40 टक्के पाहिजे. लढताना जखमी झालेला जवान तिन्हीत बसू शकतो, मग अर्जासाठी प्रवर्ग निवडायचा कसा?

सरळ गणित आहे. योजनेत 40 घरं असली तर 2 टक्के म्हणजे एक पूर्ण घर पण होत नाही, 5 टक्के म्हणजे दोन. तिथं डीएफला घरच नसेल तर लष्करी मोहिमेत जखमी झाल्याचं तुमचं सर्टिफिकेट काय कामाचं? पण 300 घरांची योजना असेल तर डीएफला सहा येतात, आणि तिथं अर्ज करू शकणारी माणसं मुळातच कमी, ईएक्समध्ये मात्र धडधाकट रिटायर झालेला प्रत्येक सुभेदार तुमच्या सोबत रांगेत असतो. म्हणून जाहिरात आली की आधी प्रवर्गनिहाय घरांचा तक्ता उघडायचा, किंमत नंतर बघायची.

उत्पन्नाच्या अटीत पण लोक फसतात. मुंबई, पुणे, नागपूर भागात अत्यल्प गटाला वर्षाला 6 लाखापर्यंत, अल्पला 9, मध्यमला 12, उरलेल्या महाराष्ट्रात 4.5, 7.5 आणि 12. यात नवरा-बायको दोघांचं धरतात, बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका असेल तर गट बदलला समजा. 2023 पासून कागद लॉटरीच्या आधीच अपलोड करायचे असतात, त्यामुळे सैनिक बोर्डाचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा पुरावा हे सगळं जाहिरात यायच्या आधी तयार ठेवा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात तहसीलला चकरा मारत बसाल.

पुणे मंडळात अजून एक बघण्यासारखं आहे, 20 टक्के सर्वसमावेशक योजना. खासगी बिल्डरच्या मोठ्या प्रोजेक्टमधली 20 टक्के घरं म्हाडातर्फे जातात. कधी कधी चांगल्या लोकेशनला मिळतात पण इमारत बिल्डरची, मेंटेनन्स बिल्डरच्या हिशोबाने, तो महिन्याचा आकडा आधी विचारा.

एडब्ल्यूएचओ ही वेगळी चीज आहे. 1978 साली स्थापन झालेली आर्मीची संस्था, ना नफा ना तोटा तत्त्वावर घरं बांधते, सरकारी सबसिडी नाही, पैसे मेंबरांचेच. नेव्ही आणि एअरफोर्सवाल्यांसाठी तसंच एअर फोर्स नेव्हल हाऊसिंग बोर्ड, पवईचं आणि खारघरचं जलवायू विहार त्यांचंच. इथं लॉटरीसारखं नशिबावर कमी आणि थांबण्यावर जास्त असतं, स्कीम जाहीर होते, रजिस्ट्रेशन, मग बांधकामाप्रमाणे हप्ते, ताबा कधी मिळेल ते बांधकामाच्या हातात. पंचविशीत-तिशीत बोर्ड आऊट झालेला शिपाई भाडं भरत भरत हप्ते पण भरणार, हे दोन्ही पेन्शनमध्ये बसतंय का ते कागदावर मांडून बघा. मला विचाराल तर ज्याची ग्रॅच्युइटी आणि ग्रुप इन्शुरन्सचे पैसे अजून बँकेत शाबूत आहेत त्यानंच इकडं बघावं.

मग लोक एडब्ल्यूएचओच्या मागं का लागतात? शेजार. पुण्यात कोंढव्याचं साळुंके विहार घ्या. तिथून वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर जवळ, 1944 पासून जवानांना कृत्रिम पाय तिथंच बसतात, कमांड हॉस्पिटल पण त्याच बाजूला. पाय गुडघ्याखाली गेलेल्या माणसाला कृत्रिम पायाचं सॉकेट म्हणजे खोबण सैल झाली, घासतंय, फोड आला म्हणून वारंवार जावं लागतं, त्यात गाव दीडशे किलोमीटरवर असेल तर प्रत्येक खेपेला अख्खा दिवस जातो. आणि कंबरेखाली लुळं पडलेल्यांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर, 1974 पासून आहे, पण तिथं राहण्याची सोय आहे ती मोजक्या जणांची, ते तुमच्या कुटुंबाचं घर नाही. साळुंके विहारात आता घर घ्यायचं तर रिसेलने, बाजारभावात, एडब्ल्यूएचओचा भाव तिथं कधीच संपला.

फ्लॅट म्हाडाचा असो नाहीतर एडब्ल्यूएचओचा, सँपल फ्लॅट बघायला जाताना खिशात मेजर टेप न्या. हॉल कोणी मोजू नका, बाथरूमचा दरवाजा मोजा. साधी व्हीलचेअर चाकांच्या बाहेरच्या कडेपासून 25-26 इंच भरते, आणि छोट्या फ्लॅटच्या बाथरूमचा दरवाजा चौकटीतून अडीच फूट, त्यात दार पूर्ण उघडत नाही कारण मागं गिझरचा पाईप नाहीतर बेसिन, म्हणजे हाताची बोटं सोलून निघणार. मोकळा तीन फूट पाहिजे. उंबरठ्याची पट्टी किती उंच, कमोडच्या बाजूला खुर्ची लावून सरकायला जागा आहे का, लिफ्ट बंद पडली तर कितवा मजला, हे तिथंच विचारायचं. ताबा घेतल्यावर दरवाजा रुंद करायचा म्हटलं तर कधी कधी मधे आरसीसीची भिंत असते आणि सोसायटी हात लावू देत नाही.

पंतप्रधान आवासबद्दल थोडक्यात सांगतो कारण बहुतेकांना ती लागूच होत नाही. ग्रामीणमध्ये सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार. पण घरात महिना 15 हजाराच्या वर कमावणारा कोणी असेल तर नाव यादीतून बाहेर, आणि अपंगत्वाची पेन्शन त्याच्या वर असतेच बहुतेकांची. ग्रामसेवक उगाच आडवं लावतोय असं समजून ग्रामपंचायतीत भांडण काढू नका, तो नियमच आहे. शहरीची 2.0 मात्र बघण्यासारखी आहे. वर्षाला 9 लाखापर्यंत उत्पन्न, देशात कुठंही नावावर पक्कं घर नाही, घराची किंमत 35 लाखाच्या आत आणि कर्ज 25 लाखाच्या आत असेल तर 1 लाख 80 हजारापर्यंत व्याजाची सबसिडी पाच हप्त्यांत खात्यात येते, कर्ज 1 सप्टेंबर 2024 नंतरचं पाहिजे. कराड, बारामती, इस्लामपूर (आता ईश्वरपूर) असल्या गावात 30 लाखाचा फ्लॅट घेणाऱ्याला हे बसतं, पुण्याच्या आत 35 लाखात काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहेच.

केंद्रीय सैनिक बोर्डाच्या दोन गोष्टी आहेत. हवालदारापर्यंतच्या 100 टक्के अपंग माजी सैनिकाला घरदुरुस्तीसाठी एकदाच 20 हजार. हसू नका, रॅम्प आणि बाथरूममध्ये धरायचे दोन दांडे त्यात होऊन जातात. आणि युद्धात किंवा ड्युटीमुळे अपंग झालेल्यांना घरकर्जाच्या व्याजातला अर्धा भाग ठराविक मर्यादेपर्यंत परत. दोन्ही अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच पुढं जातात, म्हणून तिथल्या माणसाशी नीट बोलून राहा, दर वेळी आवाज चढवून गेलात तर फाईल तळाला जाते आणि मग तुमचं सगळं शौर्य तिथंच संपतं.

राज्य सरकारचा खरा मोठा पैसा वेगळ्याच नावाने येतो. 2019 मध्ये महाराष्ट्राने युद्धात किंवा मोहिमेत जखमी झालेल्या जवानांची मदत चौपट केली, 1 ते 25 टक्के अपंगत्वाला 20 लाख, 26 ते 50 ला 34 लाख, 51 ते 100 ला 60 लाख. ज्याला हे मिळालं किंवा मिळण्यासारखं आहे त्यानं लॉटरीच्या मागं वर्षं घालवू नयेत, सरळ तळमजल्याचं किंवा स्वतःच्या जागेतलं घर करावं. फक्त हा पैसा आला की पाहुणे उगवतात, कोणाला तरी पोल्ट्री टाकायची असते, तेव्हा घराचं आधी बघा.

घर गावाकडं की शहरात? कमरेखालचं गेलं असेल आणि गावात दोन गुंठे असतील तर मी गावच म्हणेन, एकच मजला, ओट्याऐवजी उतार, अंगणातून खाटेपर्यंत एक पण पायरी नाही असं घर फ्लॅटमध्ये कुठल्याच किमतीला मिळत नाही. फक्त ईसीएचएसचं म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं पॉलिक्लिनिक अर्ध्या-पाऊण तासात गाठता आलं पाहिजे, कारण कमरेखालचं गेलेल्यांना लघवीचं इन्फेक्शन झालं तर ताप रात्रीत चढतो. पाय कृत्रिम असेल, वय कमी असेल, नोकरी करायची असेल तर पुण्याच्या आसपास म्हाडा, आणि डीएफमध्ये बसत असाल तर दरवर्षी न चुकता. हाताची किंवा डोळ्याची इजा असेल तर व्हीलचेअरचा प्रश्नच नाही, मग जे लवकर आणि स्वस्त मिळेल ते घ्या. एडब्ल्यूएचओ मी फक्त त्याला सांगतो ज्याच्या बायकोला फौजी कॉलनीचीच सवय आहे आणि नवऱ्याच्या मागं तिला तिथं एकटं राहायला भीती वाटणार नाही, हे कारण लहान नाही, मी तरी मोठ्ठं धरतो.

कुठलंही घर झालं तरी घरपट्टी माफीचा अर्ज लगेच टाका. 2020 पासून महाराष्ट्रात माजी सैनिक आणि सैनिकाच्या विधवेला एका घरासाठी ही सूट आहे, ग्रामपंचायत असो नाहीतर महापालिका. आपोआप कोणी लावत नाही, सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून स्वतः मागावी लागते, आणि ज्या घराला मागताय ते तुमच्या किंवा बायकोच्या नावावर लागलेलं पाहिजे, वडिलांच्या नावावर असेल तर आधी ते आपल्या नावावर करून घ्या.