धानाचं तूस बघायला घेतलेला मायक्रोस्कोप: सहा महिने वापरून

पाचपैकी साडेतीन तारे. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर एकच दिला असता, आणि चूक माझी होती.

मी ज्युनिअर कॉलेजात बॉटनी शिकवते. कॉलेजचा मायक्रोस्कोप घरी आणता येत नाही आणि मला रात्री निवांत बसून फायटोलिथ बघायचे होते. गवतं जमिनीतल्या पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका ओढतात आणि पेशींमध्ये साठवतात. पान कुजून जातं, पण पेशीच्या आकाराचा तो काचेसारखा कण, म्हणजेच फायटोलिथ, मातीत हजारो वर्षं टिकतो. आम्ही वरोऱ्याचे. इथून जवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरचं दगड झालेलं शेण मिळतं. त्यात गवताचे फायटोलिथ सापडल्याचं 2005 साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत छापून आलं. डायनोसॉरच्या काळात इतक्या तऱ्हेची गवतं असतील असं तोवर कुणी धरत नव्हतं. त्यात धान-बांबूच्या कुळाशी नातं सांगणारे आकारही होते. म्हटलं, आपण निदान माहेरचं धान तरी बघू.

मायक्रोस्कोप अंबाल्याच्या बनावटीचा: दोन डोळ्यांनी बघायचा, 4, 10, 40 आणि 100चे ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची भिंगं), एलईडी दिवा, मेकॅनिकल स्टेज (स्लाइड ठेवायचा, स्क्रूने सरकवायचा मंच). ऑनलाइन 11,800 रुपये पडले. विक्रेत्याचं नाव देत नाही, हाच माल दहा नावांनी विकला जातो.

भावाने नागभीडहून तणस आणि तूस पाठवलं. घरी वाटीत जाळलं तर राख काळीच राहिली, कोळसा आड येतो. मग कॉलेजच्या भट्टीत 500 अंशांवर पांढरी होईपर्यंत जाळली, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुतली, पाण्यात चारदा निथळली. स्लाइडवर ग्लिसरिनचा थेंब टाकून 40चं भिंग लावलं, तर काहीच नाही! पुसट सावल्या तेवढ्या. विक्रेत्याला खरमरीत मेसेज लिहून झाला होता. दुसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. फायटोलिथचा अपवर्तनांक (आत शिरताना प्रकाश किती वाकतो तो आकडा) 1.41 ते 1.47च्या आसपास, ग्लिसरिनचा 1.47. काच जवळजवळ काचेत बुडवल्यासारखंच झालं ते. लवंग तेलाचा 1.53. तेलात स्लाइड केली आणि कंडेन्सरचा डायफ्रॅम (स्टेजखालची, प्रकाश कमी-जास्त करायची झडप) निम्म्यावर आणला, तर कणांच्या कडा काजळ घातल्यासारख्या उठून आल्या. मेसेज पुसून टाकला.

या मायक्रोस्कोपचं 40चं भिंग खरंच चांगलं आहे. तणसात पंख्याच्या आकाराचे कण असतात आणि पंख्याच्या गोल कडेवर माशासारखे खवले दिसतात. चीनमधल्या जुन्या वसाहतींच्या मातीत हेच खवले मोजून रानटी धान आणि पेरलेलं धान वेगळं काढतात. नऊ किंवा जास्त खवल्यांचे पंखे किती, हे त्यात बघतात. मला ते सरळ मोजता आले. तेल पातळ असल्याने कव्हरस्लिपला सुईने हलकं टोचलं की कण कूस बदलतो. चपटा वाटलेला पंखा उभा राहतो तेव्हा अंगावर काटा येतो. तुसात दोन शिंगं वर आलेल्या पेशी दिसतात. ज्वारीच्या पानात डंबेल, नाचणीच्या पानात खोगीर. आई पितळी भांडी तुसाच्या राखेने का घासायची, तेही कळलं.

आता तक्रारी. स्टेज आपोआप खाली सरकतो. 40वर फोकस लावून वहीत आकडा लिहीपर्यंत चित्र गेलेलं. विक्रेत्याचा माणूस फोनवर दिवा बदला म्हणत राहिला (दिव्याचा काय संबंध?). शेवटी आमच्या लॅब असिस्टंटदादांनी मोठ्या नॉबच्या आतली कडी आवळून दिली, दोन मिनिटांचं काम. मोजणीत एका स्लाइडवर दोन-तीनशे कण ओळीने बघावे लागतात आणि तिथे या स्टेजचा आडवा स्क्रू रडवतो. उलटा फिरवला की अर्धा वळसा फुकट जातो, तीच ओळ दोनदा मोजली जाते. मी आता एकाच दिशेने सरकते आणि ओळ संपली की पुन्हा डावीकडून सुरू करते. वेळ जातो. अर्धा नाही, पूर्ण तारा याचाच कापलाय.

खोक्यावर ‘2000 पट’ छापलंय, त्याकडे बघू नका. सोबतच्या 20च्या आयपीसने (डोळ्याजवळच्या भिंगाने) चित्र मोठं होतं, तपशील एकही वाढत नाही. सोबतचा कॅमेराही डब्यातच ठेवा, मोबाइल आयपीसला धरून फोटो चांगले येतात. उरलेला अर्धा तारा या दोन फुकटच्या वस्तूंच्या जाहिरातीपायी गेला.

बारावीच्या मुलांना, हौशी माणसाला चालेल. कुणाला उत्खननातल्या मातीची रोज मोजणी करायची असेल तर स्टेज चांगला असलेला जुना, सेकंडहँड शोधावा. लवंग तेल दातदुखीचं म्हणून मेडिकलमध्ये मिळतं, पण लेबल बघून घ्या. दुसरं तेल मिसळलेलं असलं तर पुन्हा सगळं पुसट.