स्वस्त ग्राइंडर बेल्टच्या नावाखाली माझे १६,९११ रुपये गेले

सुऱ्या, कोयते, आदोळ्या (विळ्या) करणाऱ्यांसाठी हे लिहितोय, आणि त्यातही गोव्यात बसून ग्राइंडरवर पातं घासायचे दोन बाय बहात्तर इंचाचे बेल्ट बाहेरून मागवणाऱ्यांसाठी. नमुना चांगला आला म्हणून लॉटचे पैसे आगाऊ देऊ नका. कुणालाही नाही, कितीही गोड बोलला तरी नाही. माझे १६,९११ रुपये असेच गेले, वर परतीच्या कुरियरचे ७४०.

मी या धंद्यात नवखा नाही. डिचोली तालुक्यात आमची भट्टी आजोबांपासून आहे. ते नारळ पाडणाऱ्या पाडेल्यांचे कोयते करायचे, मी ट्रकच्या कमानीच्या पाट्यांपासून स्वयंपाकाच्या आणि मासळी कापायच्या सुऱ्या करतो. बेल्ट ही आमची रोजची खर्चाची बाब. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून विझवून कडक केलेल्या पात्यावर सिरॅमिक बेल्टच लागतो, कारण त्याचा कण दाबाखाली तुटून नवी धार काढत राहतो. साध्या अॅल्युमिनियम ऑक्साइडचा कण गुळगुळीत होतो, मग तो कापत नाही, नुसता घासतो आणि पातं तापवतो. चांगला सिरॅमिक बेल्ट मला सहाशेच्या पुढे पडतो. म्हापशाला, फोंड्याला विचारून पाहिलं, तिथे फ्लॅप डिस्क मिळते, लाकडाच्या सँडरचे आखूड पट्टे मिळतात. आमच्या मापाचा बेल्ट मला मिळाला नाही. म्हणजे कोल्हापूर, बेळगाव, पुणे, मुंबई, किंवा फोनवरचा माणूस.

या फोनवरच्या माणसाने सिरॅमिकचा भाव २९० रुपये सांगितला. 'इतक्या स्वस्तात खरा माल कसा असेल?' असं आता मला जो तो विचारतो. त्यांना हा धंदा माहीत नाही. बेल्ट सगळेच कंपनीतून तयार होऊन येत नाहीत. कंपन्यांचे मोठे रोल घेऊन मापाप्रमाणे कापून सांधणारे कन्व्हर्टर असतात, आणि थेट त्यांच्याकडून घेतलं तर मधल्या दुकानदाराचा नफा वाचतो. तो स्वतःला कन्व्हर्टरच म्हणवत होता. शुद्ध मराठी बोलायचा, प्रत्येक वाक्यात 'दादा'. जॉइंट कसा करतात, कापड पॉलिएस्टरचं का हवं, सगळं त्याला ठाऊक होतं. आणि मी आंधळेपणाने मोठी ऑर्डर दिली नाही. आधी पाच बेल्ट मागवले, पोचवण्यासकट १,७५० रुपये. ते उत्तम निघाले. यापेक्षा जास्त खात्री छोट्या कारागिराने काय करायची?

मग ऑक्टोबर जवळ आला. किनाऱ्यावरचे शॅक (हंगामी खानावळी) उभे राहायच्या आधी सुऱ्यांच्या ऑर्डरी येतात, तेव्हा हात मोकळा ठेवून चालत नाही. साठ बेल्टची ऑर्डर दिली. सिरॅमिक ३६ ग्रिटचे दहा, ६० आणि १२० चे पंधरा-पंधरा, जे-फ्लेक्स म्हणजे लवचिक कापडाचे २२० आणि ४०० चे दहा-दहा (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका कण बारीक). माल १३,९५० रुपयांचा, त्यावर अठरा टक्के जीएसटी २,५११, वाहतूक ४५०. एकूण १६,९११. अर्धे आधी, अर्धे माल निघताना.

आणि इथे ती गोष्ट घडली, जी आठवली की अजून अंगाची आग होते. नमुन्याचे पैसे पाठवताना स्क्रीनवर फर्मचं नाव आलं होतं. ८,४५६ रुपये पाठवायला त्याने नवा क्यूआर कोड दिला आणि त्यावर एका व्यक्तीचं नाव आलं, बिलावर कुठेच नसलेलं. पिन टाकायच्या आधी बँकेत नोंदलेलं नाव दिसतं ते याचसाठी दिसतं. मी थांबलो. फोन लावून विचारलं. त्याने लगेच उचलला: "दादा, फर्मच्या खात्याची या महिन्याची मर्यादा भरली, हे मेव्हण्याचं खातं. नको असेल तर पुढच्या महिन्यात पाठवा, पण भाव वाढणारेत." आवाजात घाई नव्हती, आग्रह नव्हता. आमच्याकडेही लहान धंद्यात घरच्यांच्या खात्यावर पैसे घेतातच, मीसुद्धा कधी भावाच्या खात्यावर घेतले आहेत. पैसे गेले. उरलेले ८,४५५ त्याने पॅकिंगचा व्हिडिओ पाठवल्यावर त्याच नावावर गेले. तो व्हिडिओ मी नंतर थांबवून थांबवून पाहिला. खोक्यात वरचे बेल्ट खरे आहेत, खालचे दिसतच नाहीत.

नाव बदललं की पैसे थांबवा. कारण काहीही सांगू देत.

माल आला तो रंगाने हुबेहूब. तोच लालसर-नारिंगी रंग, पाठीवर त्याच नावाजलेल्या परदेशी कंपनीचा शिक्का. रंगावरून सिरॅमिक ओळखता येत नाही, रंग राळेत मिसळता येतो. नमुन्यावर 'पी ३६' छापलं होतं ('पी' ही ग्रिटच्या युरोपीय मापाची खूण), इथे नुसतं '३६'. नमुन्याचं कापड जाड, ताठ पॉलिएस्टर. हे पातळ सुती. नमुन्याचा सांधा मागून टेप लावून सपाट केलेला, प्लॅटनवरून (बेल्टमागच्या सपाट पाटीवरून) आवाज न करता जाणारा. इथे एकावर एक चढवून चिकटवलेला, प्रत्येक फेरीला टक-टक. चालवला तर पाणी दिलेल्या पात्यावर कण झडायला लागले. जळक्या गोंदाचा वास आला आणि धारेजवळ निळा रंग चढला. निळा म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास पोचलं, टेंपर, म्हणजे पात्याचा कडकपणा, गेला. ते पातं पुन्हा भट्टीत. दुसऱ्या बेल्टचा सांधा पूर्ण वेगात उघडला आणि पट्टा कोपराच्या खाली बसला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. नवा बेल्ट लावला की आधी बाजूला उभं राहून चालवा, समोर नाही.

त्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: "गोव्याची हवा दमट दादा, तुम्ही माल नीट ठेवला नसेल." हे वाचून जो संताप आला तो सांगता येत नाही. दमट हवेने बेल्ट वाकतो, सांधा ढिला होतो, हे खरं. म्हणूनच माझे बेल्ट बंद कपाटात जाड पाइपावर टांगलेले असतात आणि पावसाळ्यात आत बल्ब लावलेला असतो. आणि खोकं उघडलं त्याच दिवशी चालवलेल्या बेल्टला कुठली हवा लागणार? मग म्हणाला, माल परत करा, पैसे देतो. ७४० रुपये भरून पाठवला. पत्त्यावर असं कुणी नाही, म्हणून खोकं परत आलं. त्यानंतर फोन बंद.

बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला. पंधरा अक्षरांपैकी पहिले दोन आकडे राज्याचे, २७ म्हणजे महाराष्ट्र, ते बरोबर होतं. नाव मात्र भलत्याच व्यापाऱ्याचं. हे तपासायला फुकट आहे आणि एक मिनिट लागतं. पैसे देण्याआधी करा, मालाची वाट बघताना नाही.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात गेलो तर समोरचे साहेब म्हणाले, "माल पावलो न्हय तुका? मागीर फटयलो कसो?" म्हणजे माल मिळाला ना तुला, मग फसवलं कसं? मी बेल्ट टेबलावर ठेवले, खरा आणि खोटा. त्यांनी हातही लावला नाही. हा दिवाणी मामला, म्हणे. खोटं नाव, खोटा नंबर, खोटा शिक्का आणि दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? मग दुसरं कारण: आरोपी गोव्याबाहेरचा, तिकडे जा. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. ते मी सांगितलं तेव्हा विषयच बदलला: "तू सुऱ्यो करता? लायसन आसा?" फसलेला मी, आणि चौकशी माझी! शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गोष्ट आहे, आणि घरगुती, शेतीची, औद्योगिक कामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. कोयता आणि मासळीची सुरी यापेक्षा घरगुती काय असतं? कारागिरांनो, हा नियम छापून जवळ ठेवा.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत आहे, आमच्याकडे काही होत नाही. मी पिन चोरीला गेला असं म्हणतच नव्हतो! ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवा, एवढंच मागत होतो. अर्ज घेतला, पोच द्यायला खळखळ केली. माल हातात पडून फसवणूक कळेपर्यंत ते खातं रिकामं झालं असणार. म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन संशय आला त्याच तासाला करा, माल येण्याची, विक्रेत्याच्या उत्तराची वाट पाहू नका. पैसे पुढे सरकायच्या आत अडवले तरच मिळतात.

ग्राहक तक्रारीचं विचारायला गेलो तिथल्या बाबूने सांगितलं की तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही. हेही खोटं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत. पाच लाखांपर्यंत जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि तक्रार आपण राहतो तिथे करता येते. कलमं मला माहीत असायला हवीत आणि खुर्चीत बसलेल्यांना नकोत, हा कुठला न्याय? रक्कम लहान म्हणून कुणी उठत नाही. १६,९११ रुपये म्हणजे माझ्या हंगामाचं सगळं पोलाद आणि कोळसा.

ठाण्याने नोंद नाकारली म्हणून कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला आहे. सोबत दोन्ही बिलं, दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, व्हिडिओ आणि बेल्टचे फोटो. पोच आली आहे, उत्तर नाही. ते नाही आलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे. खोटे बेल्ट फेकलेले नाहीत, पुरावा म्हणून बांधून ठेवले आहेत. ज्या कुणाकडे असाच लालसर, चढत्या सांध्याचा, 'पी' नसलेला लॉट आला असेल त्यांनी तो वापरून संपवू नये आणि आपल्या ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, पोच घेतल्याशिवाय उठू नये.