क्लोज्ड आर्ममध्ये बसलेला रॅट सॉफ्टवेअरला दिसत नाही: व्हिडिओ ट्रॅकिंग वापरल्यानंतरचा अनुभव

मागच्या आठवड्यात आमच्या लॅबमधल्या, व्हिडिओत रॅट कुठं आहे ते नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचं डोंगल (यूएसबीला लावायची छोटी किल्ली) मेलं. लायसन्स त्यातच, त्यामुळं सॉफ्टवेअर उघडेना. कंपनीला फोन केला तर एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, संपलीय म्हणाले. नवीन डोंगल म्हणजे जवळपास नव्या लायसन्सचे पैसे, वर पुण्याहून इंजिनिअर येण्याचा खर्च वेगळा. लातूरला एक यूएसबी लावायला इंजिनिअर कशाला लागतो, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी खरी तक्रार डोंगलची नाहीच.

सुरुवातीला मी खूश होते. एलिव्हेटेड प्लस मेझ म्हणजे जमिनीपासून उंचावर ठेवलेला अधिकच्या चिन्हासारखा मंच, दोन आर्म उघडे (ओपन) आणि दोन भिंती असलेले (क्लोज्ड). तो ज्यांनी हातानं स्कोअर केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दोन हातांत दोन स्टॉपवॉच, चारही पाय आत गेले की एन्ट्री, आणि नजर पाच मिनिटं हलवायची नाही. दुपारपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात. कॅमेऱ्यानं ते सगळं अंगावरून उतरवलं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर पाच मिनिटांत ७५०० फ्रेम, आणि प्रत्येकीत रॅट कुठं होता याची नोंद. शिवाय कुठल्या रॅटला काय दिलंय हे कॅमेऱ्याला माहीत नसतं, त्यामुळं स्कोअरिंगमध्ये मनाचा कल उतरत नाही.

मग कंट्रोल ग्रुपचे, म्हणजे औषध न दिलेल्या रॅटांचे, आकडे खटकायला लागले. ओपन आर्म, क्लोज्ड आर्म आणि मधला चौक मिळून ३०० सेकंद भरायला हवेत, ते भरेनात. अ‍ॅनिमल हाऊसचे मामा मागं उभे राहून स्क्रीन बघत होते. ते म्हणाले, "मॅडम, उंदीर तर बसलाय की तिथंच, मग ते लाल टिंब कुठं गेलं?"

सॉफ्टवेअर रॅटवर जे टिंब दाखवतं ते खरंच गेलं होतं. रॅट कोपऱ्यात अंग आक्रसून बसला, हलेना, आणि थोड्या वेळानं सॉफ्टवेअरनं त्याला मेझचाच भाग धरलं. डीफॉल्टला बॅकग्राउंड डायनॅमिक असतं. म्हणजे रिकाम्या मेझचं चित्र ते चालत्या व्हिडिओतून सतत नवं करत राहतं, आणि जे बराच वेळ हलत नाही ते त्या चित्रात मुरतं. पुढं रॅट उठून निघाला की जुन्या जागी त्याचं भूत उरतं आणि टिंब दोन्हींच्या मधे उड्या मारतं.

ही बारीक चूक नाही. प्लस मेझ आपण भीती मोजायला लावतो, आणि घाबरलेला रॅट नेमका हेच करतो, क्लोज्ड आर्मच्या टोकाला जाऊन गप्प बसतो. तोच वेळ हिशेबातून गळतो. ओपन आर्मची टक्केवारी दिसलेल्या वेळावर निघत असेल तर ती फुगते, आणि नुसतं सलाईन दिलेला रॅट डायझेपाम (भीती कमी करणारं औषध) दिल्यासारखा निर्धास्त दिसतो. खऱ्या औषधाचा परिणाम यात झाकला जाईल. जनावराला इंजेक्शन टोचायचं, मेझवर सोडायचं, आणि हाती असा आकडा घ्यायचा, हे मला सहन होत नाही. डेमोला येणारा माणूस नेहमी पळणारा रॅट दाखवतो. त्याला बसलेला दाखवायला सांगा.

त्या दिवशी सॉफ्टवेअर परत करावं असंच वाटत होतं. नंतर मत बदललं. तीन मेनू आत स्टॅटिक बॅकग्राउंडची सोय आहे. रिकाम्या मेझचं चित्र आधी घ्यायचं आणि तेच शेवटपर्यंत ठेवायचं. ते केल्यावर बसलेला रॅट बसलेलाच दिसायला लागला आणि ३०० सेकंद भरायला लागले. मेझ काळा, आमचे विस्टार जातीचे रॅट पांढरे, त्यामुळं कॉन्ट्रास्टचं दुखणं नव्हतंच.

पण ऐन मे महिन्यात आमच्याकडं लाइट किती वेळा जाते ते सगळ्यांना माहीत आहे. इन्व्हर्टर सुरू झाला की ट्यूबचा उजेड बदलतो, साठवलेलं चित्र जुळेनासं होतं आणि सगळा मेझच रॅट होऊन बसतो. डायनॅमिकची सोय कशासाठी दिलीय ते तेव्हा कळलं. आम्ही ट्यूब बंद ठेवून एलईडी दिवे लावले, तेही कॉम्प्युटरच्याच यूपीएसवर. छतावरचा पंखाही बंद, कारण पात्यांची सावली मेझवर फिरते. खर्च डोंगलच्या कोटेशनपुढं किरकोळ.

डोंगल गेल्यावर जुने व्हिडिओ हार्ड डिस्कवर होतेच. ते ईझीट्रॅक नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालवले. हे फुकट आहे, २०१९ साली सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये त्याचा पेपर आला, आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची नोटबुक उघडावी लागते, पण तिच्यातले सेल (कोडचे तयार चौकोन) ओळीनं चालवत जायचं, कोड लिहावा लागत नाही. रेफरन्स म्हणून रिकाम्या मेझचा वेगळा व्हिडिओ देता येतो. तो द्याच. नाहीतर ते चालू व्हिडिओतल्याच फ्रेमांवरून रेफरन्स बनवतं, आणि रॅट बहुतेक वेळ एकाच कोपऱ्यात असेल तर पुन्हा तोच घोळ.

दोन्ही सॉफ्टवेअरांत एक उणीव उरते. एन्ट्री शरीराच्या मध्यबिंदूवरून ठरते, चार पायांवरून नाही. रॅट मान लांबवून ओपन आर्म हुंगतो आणि मागं सरतो, ते यात येत नाही. त्यासाठी २०१८ चं डीपलॅबकट हे सॉफ्टवेअर आहे. साधारण २०० फ्रेमांवर नाक, कान, शेपटीचं मूळ अशी टिंबं आपण हातानं लावायची, पुढचं ते शिकतं. पण हे शिकवायला (ट्रेनिंगला) जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, हवं, नाहीतर फार वेळ लागतो, आणि ते आमच्याकडं नाही.

एएमसीचं पत्र खरेदी समितीपुढं आहे. मी लेखी दिलंय की ती भरू नये, त्या पैशांत एक ग्राफिक्स कार्ड घ्यावं. आणि प्रत्येक ग्रुपमधले काही व्हिडिओ मी अजूनही स्टॉपवॉचनं तपासते, ग्रुप कुठला ते न बघता.