सहाशे रुपयांचा कार्डिगनचा नमुना: घ्यावा का?

कोल्हापूरच्या गुजरीतल्या सोनाराच्या काट्यावर मी लोकर तोलली. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं वाचताना बाई किती गुंतली होती याचा अंदाज येईल.

झालं असं, की नोकरीतून सुटल्यावर यंदा पहिल्यांदाच दिवाळीनंतर हात मोकळे होते. आमचे हे रोज पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर फिरायला जातात आणि येताना गंगावेशीत उभ्या उभ्या ताजं दूध पिऊन येतात. अंगात कुठलासा जुना बंद गळ्याचा स्वेटर. सात वाजता घरी आले की डोक्यावरून तो ओढून काढताना चष्मा अडकतो, केस उभे राहतात आणि चिडचिड सुरू होते. म्हटलं, यांच्या वाढदिवसाला पुढून उघडणारं, बटणांचं कार्डिगन विणू. आईने शिकवलेलं विणकाम हातात होतंच. फक्त नमुना, म्हणजे कुठे किती टाके विणायचे त्याच्या लेखी सूचना, हव्या होत्या.

पहिला नमुना महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतल्या लोकरीच्या दुकानातून घेतला. पन्नास रुपयांचं पातळ पुस्तक, मुखपृष्ठावर बर्फात उभा असलेला गोरापान माणूस. वाईट नाही म्हणणार. १२ नंबरच्या सुयांवर बॉर्डर, १० नंबरवर अंग, मागचा भाग, पुढचे दोन पल्ले, दोन बाह्या, मग शिवण. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. तुकडे सुटे असल्यामुळे पिशवीत टाकून कुठेही नेता येतात, आणि खांद्याला शिवण असली की ॲक्रिलिकचा स्वेटर वर्षभरात लोंबत नाही. पण "छाती ३६" म्हणजे माणसाची छाती ३६ की विणून झालेला स्वेटर ३६, हे त्या पुस्तकात कुठेही नाही. नुसत्या शर्टावर घालायचं कार्डिगन छातीपेक्षा आठ-दहा सेंटिमीटर सैल हवं. त्या एका ओळीअभावी स्वेटर एक तर अंगाला चिकटतो, नाही तर झग्यासारखा होतो. शिवाय आकृती नाही. "उरलेला भाग डाव्या पल्ल्याप्रमाणे उलट करून विणा" असं एक वाक्य आहे, त्यावर मी पूर्ण दुपार घालवली. पुस्तक ठेवून दिलं.

दुसरा नमुना पुण्याच्या भाचीने मोबाईलवर पाठवला. फुकटचा आणि दिसायला एक नंबर. आयर्लंडच्या पश्चिमेला अरान बेटं आहेत, तिथल्या धाटणीचा, जाड वेण्यावेण्यांचा. "मावशी, काकांना हा कर!" अगं, तिथे अटलांटिकचा वारा आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ पर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा तीसच्या आसपास. वेण्या विणकामाला आडव्या ओढून धरतात, त्यामुळे तेवढ्याच रुंदीला टाके जास्त लागतात आणि लोकर भरपूर जाते. एवढं विणून तो स्वेटर फार तर पन्हाळ्यावर एक रात्र मुक्काम केला तर अंगावर चढणार. भाचीला सांगितलं, तुझं लग्न झालं की जावयाला विणते.

मग आला तिसरा, हे परीक्षण ज्याचं आहे तो. रॅव्हलरी नावाचं विणकामाचं संकेतस्थळ २००७ पासून आहे. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. लोकरीची जाडी, लागणारे मीटर, सुईचा आकार, कार्डिगन की स्वेटर असं सगळं निवडून नमुने शोधता येतात. मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. तोच नमुना विणलेल्या साध्यासुध्या माणसांनी आपापले फोटो टाकलेले असतात. पोट सुटलेली, खांदे उतरलेली, बुटकी माणसं. नमुना काढणाऱ्याच्या फोटोतली मॉडेल पोरगी पोतं घातलं तरी छानच दिसते, तिच्याकडे बघून काय ठरवणार? मी असे पंधरावीस फोटो पाहिले, यांच्यासारख्या अंगाच्या दोन माणसांना खांद्यात नीट बसलंय हे पाहिलं आणि मगच पैसे भरले. परदेशी नमुना, सहाशे रुपयांच्या आसपास पडला. कुणाचा ते इथे लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

आधी कौतुक. गळ्यापासून खाली विणत जायचं रॅगलन बाहीचं कार्डिगन. पुढचे दोन पल्ले, दोन बाह्या आणि पाठ यांच्यामध्ये चार तिरक्या रेषा. प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा, म्हणजे एक ओळ सोडून एका ओळीत आठ टाके वाढतात. काखेपर्यंत आलं की बाह्यांचे टाके वेगळ्या दोऱ्यात ओवून बाजूला ठेवायचे आणि अंग खाली उतरवायचं. शिवण जवळजवळ नाहीच. मागचा गळा पुढच्यापेक्षा उंच यावा म्हणून पाठीला काही अर्धवट ओळी, म्हणजे मध्येच सुया फिरवून परत यायचं. हे आमच्या आईच्या विणकामात नव्हतं. तिचे स्वेटर पुढून गळ्याला टोचायचे त्याचं कारण मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. नऊ मापं, प्रत्येक मापाची आकृती, छाती, बाही, काखेची खोली सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि तेही विणून झालेल्या कपड्याचं. दर टप्प्याला सुईवर किती टाके असायला हवेत तो आकडा दिलेला. इतकं सरळ लिहिलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

इंग्रजी संक्षेपांची भीती वाटत असेल तर वाटू देऊ नका. 'के टू टॉग' म्हणजे आपले दोन टाके एकत्र सुलट, 'एस एस के' म्हणजे दोन टाके एकेक करून न विणता सरकवायचे आणि मग मागून एकत्र विणायचे. एक घट उजवीकडे झुकते, दुसरी डावीकडे, बाकी काही नाही. मी जुन्या डायरीच्या पानावर मराठीत लिहून घेतलं आणि आठवड्यात डायरी लागेनाशी झाली.

आता लोकर. नमुन्यात सांगितलेली मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर, इथे मिळत नाही, मिळाली असती तरी घेतली नसती. दुधाचा फेस सांडणाऱ्या माणसाला हाताने जपून धुवायचा स्वेटर? वर्धमान, ओसवाल या लुधियानाच्या कंपन्यांची धुवायला सोपी ॲक्रिलिक लोकर आपल्याकडे दुकानात असते, तशीच मध्यम जाडीची, ज्याला 'डीके' म्हणतात ती, राखाडी रंगात घेतली. अडचण अशी, की नमुन्यात लोकर मीटरमध्ये, ११०० मीटर, आणि मी घेतलेल्या गुंड्यावर फक्त ग्रॅम. दुकानदार म्हणाले, "काकू, अर्धा किलो न्या, कमी पडली तर आहेच की मी." हे मला पटेना. लोकर एकाच लॉटची एकदम घ्यावी लागते, नंतर घेतलेला गुंडा रंगात उन्नीस-बीस निघतोच. म्हणून घरी टेप लावून दहा मीटर लोकर मोजून कापली आणि पिशवीत घालून गुजरीत गेले. आमच्या नेहमीच्या सोनाराने काच पुसली, चिमट्याने लोकर काट्यावर ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साडेचार ग्रॅम. घडणावळ लावू का?" साडेचार ग्रॅमला दहा मीटर, म्हणजे शंभर ग्रॅमला २२२ मीटर. ११०० मीटरला ४९५ ग्रॅम. मी ५५० घेतली. हिशेब चोख होता. तरी लोकर कमी पडली.

का, तर सुई. नमुन्यात लिहिलं होतं "यू.एस. ६". मिलिमीटर नाही. मी दुकानात जाऊन ६ नंबरच्या, वायरने जोडलेल्या सुया मागितल्या, त्यांनी दिल्या. आपल्याकडचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत बरोबर उलटं. अमेरिकन ६ म्हणजे ४ मिलिमीटर, ती आपली ८ नंबर. आपली ६ नंबर ५ मिलिमीटरची. एक मिलिमीटरने काय होतं, असं वाटतं ना? नमुन्याला १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके हवे होते. माझे येत होते १९. छातीला २२० टाके. २२ च्या हिशेबाने १०० सेंटिमीटर, १९ च्या हिशेबाने जवळजवळ ११६.

माझीही चूक आहेच. विणायला घेण्याआधी त्याच सुयांवर, त्याच लोकरीचा तळहाताएवढा चौकोन विणून, धुऊन, वाळवून, मग टाके मोजायचे असतात. नमुन्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं. चाळीस वर्षं सुया हातात धरणारीला कोण चौकोन विणायला सांगतंय, या तोऱ्यात मी सरळ गळ्याचे टाके घातले. वर गळ्यापासून विणण्याचा सगळ्यात मोठा फायदा हा, की मध्येच अंगावर चढवून बघता येतं. तेही केलं नाही, कारण वाढदिवसाची गंमत होती ना! हे झोपले की विणायचं आणि गादीखाली लपवायचं. विणकाम मोठं होत गेलं तशी लोकर संपली, एक गुंडा नंतर आणला आणि डाव्या बाहीचं मनगट उजेडात वेगळं दिसायला लागलं.

वाढदिवसाला यांनी ते घातलं. खांदे कोपरांकडे निघालेले, काखेत हवा खेळतेय. मला वाईट वाटू नये म्हणून आरशात बघून म्हणाले, "ऐसपैस आहे." तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वाटीभर साखर मागायला आल्या होत्या, त्यांनी बाहीला हात लावून पाहिला. "आमच्या बारक्याला बसंल की! मी घेऊन जातो." (आमच्या पेठेत बायकाही 'जातो', 'येतो' म्हणतात, बाहेरच्यांना मजा वाटते.) बारका तालमीत जातो. छाती ४२ इंच. त्याला ते असं बसलं की जणू माप घेऊन विणलंय. आता पहाटे तालमीतून घामाघूम येताना तो वरून तेच घालतो. तर ज्यांच्या घरी पैलवान आहे त्यांनी सुई बदलायची गरज नाही.

बाकी तक्रारी किरकोळ. नऊ बटणं सांगितली आहेत, घाईत निघणाऱ्या माणसाला सहा पुरतात, काजांमधलं अंतर वाढवून घ्यावं लागतं. काजाची पद्धत उगाच किचकट आहे. आईची, लोकर पुढे घेऊन दोन टाके एकत्र विणायची पद्धत लहान बटणाला पुरते. आणि शेवटी "पाण्यात भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवा" असं लिहिलंय ते मेरिनोसाठी. ॲक्रिलिक पाण्याने ताणलेल्या आकारात राहत नाही, आणि वाफेच्या इस्त्रीखाली धरलंत तर कायमचं मरतं, फडक्यासारखं लुळं पडतं. मी चौकोनावर करून पाहिलं. हो, दुसऱ्या खेपेला चौकोन विणला. चार विणले.

जाता जाता एक. हे सगळं वाचताना कळलं, की कार्डिगन हे नाव एका ब्रिटिश सरदाराच्या पदवीवरून आलंय. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाच्या लढाईत त्याने घोडदळाचा हल्ला केला होता. तिथला सेनापती लॉर्ड रॅगलन, वॉटर्लूत एक हात गमावलेला, त्याच्या नावाने ही तिरकी बाही. आणि आपली माकडटोपी इंग्रजीत कोण? बालाक्लाव्हा. यांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे मी रोज पहाटे क्रिमियाला जातो म्हण.

तर घ्यावा का? स्वेटर-कार्डिगन आधी विणलेलं असेल, उलट-सुलट, वाढ-घट हाताला येत असेल तर जरूर घ्या, सहाशे वसूल आहेत, कारण एकाच नमुन्यावर नऊ मापांची माणसं निघतात. अगदी पहिल्यांदा विणत असाल तर आधी पन्नासचं पुस्तक आणि लहान मुलाचं बिनबाह्यांचं जाकीट. आणि कुठलाही नमुना घ्या, माप निवडायला अंगावर टेप लावू नका. कपाटातला नीट बसणारा जुना स्वेटर चटईवर पसरा, काखेखाली या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत मोजा, दुप्पट करा, तो आकडा नमुन्याच्या आकृतीत शोधा. मी यांचा तो डोक्यावरून काढायचा स्वेटर मोजला, ५० सेंटिमीटर भरला.

दुसरं कार्डिगन ८ नंबरच्या सुयांवर आहे, ४ मिलिमीटर कोरलेलं भिंगातून बघून घेतलंय. ५५० ग्रॅममधली लोकर उरणार असं दिसतंय. अंग झालं, उजवी बाही झाली, डावी कोपरापर्यंत आलीय. यावेळी लपवलेलं नाही. हे दुधाची पिशवी ठेवतात, न सांगता हात पुढे करतात आणि मी सुयांसकट एक बाही चढवून बघते.