सिरिंजमध्ये कोणते औषध आहे, हे आम्ही विचारलेच नाही

माझ्या आईचे वय ६६ वर्षे आहे. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी तिने चाळीस वर्षे निंदणी आणि कापूसवेचणी केली, आणि गेल्या पाचेक वर्षांपासून तिचे दोन्ही गुडघे दुखतात. उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड) करायला पाटावर बसली, की उठताना तिला भिंतीला नाहीतर कुणाच्या तरी खांद्याला धरावे लागते. मागच्या वर्षी याच दुखण्यापायी आमचे १,३५,००० रुपये गेले आणि आईला दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. पैशांचे दुःख आहेच. पण जे पहिल्याच दिवशी विचारता आले असते ते मी विचारले नाही, याचे दुःख अधिक आहे, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात गुडघेदुखीचे मोफत तपासणी शिबिर भरले होते. रिक्षावर भोंगा लावून त्याची जाहिरात गावोगाव फिरत होती आणि शस्त्रक्रिया न करता, स्वतःच्याच रक्तातील पेशींनी गुडघा पुन्हा नवा होतो, असे सांगितले जात होते. तेथे आईला उभे करून एक्स-रे काढला. पांढरा कोट घातलेल्या एका तरुणाने तो उजेडासमोर धरून, हाडाला हाड घासते आहे, ही चौथी पायरी आहे, वर्षभरात आजी अंथरुणाला खिळतील, असे आईच्या देखत सांगितले. शस्त्रक्रियेचा खर्च एका गुडघ्याला चार लाख येईल, असेही तो म्हणाला. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर त्या आकड्याने मी इतका घाबरलो नसतो.

त्यांनी ‘स्टेम सेल’चे, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींचे, पॅकेज सांगितले. दोन्ही गुडघ्यांना पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा इंजेक्शन, एकूण १,६०,००० रुपये, आणि त्याच दिवशी नाव नोंदवले तर २५,००० रुपयांची सूट. भाव वाढेल या आशेने आम्ही कापूस घरातच ठेवला होता, तो मिळेल त्या भावाने विकला आणि उरलेली रक्कम पतसंस्थेतून उचलली. पावतीवर औषधाचे नाव नव्हते, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता, फक्त ‘वेलनेस पॅकेज’ असे लिहिलेले होते. संमतिपत्र इंग्रजीत होते. आईने त्यावर सही केली आणि ते तिला कोणी वाचून दाखवले नाही. तिच्या शेजारी उभा असलेला तिचा मुलगा मीच होतो, तेव्हा हा दोष माझाही आहे.

पहिले इंजेक्शन आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) चार दिवस आधी दिले. आईच्या दंडातून चार नळ्या रक्त काढून पडद्यामागे नेले आणि वीसेक मिनिटांनी भरलेल्याच सिरिंजा बाहेर आल्या. त्यातले औषध मला आजही डोळ्यांसमोर दिसते, कारण ते दुधासारखे पांढरे होते आणि नर्स टोचण्यापूर्वी सिरिंज दोन-तीनदा खालीवर हलवत होती. रक्तातून काढलेले पांढरे कसे, असा विचार मनात आला होता. परंतु समोर डॉक्टर उभे असताना तो बोलून दाखवायचा धीर झाला नाही. ट्रेमध्ये दोन लहान रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या आणि दोन्हींवरची लेबले खरवडून काढलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कुणाचाही आधार न घेता अंगणात आली. घरात सर्वांना इतका आनंद झाला, की मी स्वतः तीन नातेवाइकांना फोन करून या उपचाराची शिफारस केली. तिसऱ्या दिवसापासून मात्र तिला सारखी तहान लागू लागली. तिला आठ वर्षांपासून मधुमेह आहे आणि एरवी उपाशीपोटी साखर १५०च्या आसपास असते. ती ३१० निघाली. सणात पुरणपोळी आणि आमरस झाला होता, म्हणून सगळ्यांनी त्यालाच बोल लावला.

दुसऱ्या वेळी इंजेक्शन देण्यापूर्वी त्यांनी पुन्हा एक्स-रे काढला आणि दोन्ही फिल्म शेजारी ठेवून, बघा, गुडघ्यातली जागा वाढली, गादी तयार होऊ लागली, असे दाखवले. फरक डोळ्यांना खरोखर दिसत होता. त्याच संध्याकाळी घरी परतताना आई म्हणाली, “भाऊ, पहिला फोटू माले उभी करीसन काढा, दुसरा झोपाडीसन.” मी ते कानाआड केले. उभे राहिल्यावर अंगाचा भार गुडघ्यावर येतो आणि झिजलेल्या सांध्यातले अंतर कमी दिसते, तर आडवे झाल्यावर तेच अंतर मोकळे दिसते. हे मला पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडून कळले. ज्या गोष्टीला मी तपासणी समजत होतो, तिच्यातली खोट एका निरक्षरप्राय बाईला माझ्या आधी दिसली होती.

या वेळी घरात सण नव्हता, गोड नव्हते, कळण्याची भाकरी आणि भाजी एवढाच आहार होता. तरीही चौथ्या दिवशी साखर ४१२वर गेली आणि आईला ग्लानी आली. दवाखान्यात दोन रात्री ठेवून इन्सुलिन द्यावे लागले. शिबिरवाल्यांना फोन केला तेव्हा, जुन्या पेशी मरताना शरीरात उष्णता होते, काळजी करू नका, असे उत्तर मिळाले. पावसाळ्यात निंदणी सुरू झाली तेव्हा गुडघे पूर्वीइतकेच दुखत होते. तिसरे इंजेक्शन आम्ही घेतले नाही. त्याचे पैसे मात्र आधीच भरलेले होते.

त्यानंतर धुळ्यातील एका अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. औषधाचा रंग, एका रात्रीत पडलेला आराम आणि दोन्ही वेळा वाढलेली साखर हे ऐकून त्यांनी, हे स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारे पण साखर वाढवणारे औषध, असण्याचीच शक्यता आहे, असे सांगितले. सांध्यात टोचायची ट्रायामसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ही औषधे दुधासारखी पांढरी असतात, तळाला साका बसतो म्हणून ती हलवून घ्यावी लागतात, आणि औषधांच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतात. रक्तातून वेगळा केलेला प्लेटलेटयुक्त द्रव, ज्याला पीआरपी म्हणतात, तो पिवळसर असतो. आणि पीआरपी म्हणजेही स्टेम सेल नव्हे.

स्टेरॉइडचे इंजेक्शन मुळात वाईट नाही, हे त्या डॉक्टरांनी आवर्जून सांगितले आणि मलाही ते येथे नोंदवले पाहिजे. सूज आणि कळा फार असतील तर त्याने काही आठवडे, कधी दोन-तीन महिने आराम मिळतो. परंतु दोन इंजेक्शनांत साधारण तीन महिन्यांचे अंतर लागते, मधुमेह्याची साखर काही दिवस सतत पाहावी लागते, आणि इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत सांधाबदल केला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आम्हाला यातले काहीच सांगितले गेले नव्हते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर बारा आठवड्यांनी दोन वर्षे ट्रायामसिनोलोन आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले होते. वेदनेत फारसा फरक पडला नाही, आणि कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, मात्र स्टेरॉइडवाल्यांची अधिक झिजली. पीआरपीचीही अशीच चाचणी ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, आणि वर्षभरानंतर पाहिले तेव्हा पीआरपी मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरले नाही. स्टेम सेलविषयी तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांतील प्रत्यारोपण सोडले, तर इतर कोणत्याही आजारात ते केवळ नोंदणीकृत चाचणीतच वापरता येते, आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणजे जे नाव सांगून आमच्याकडून पैसे घेतले, ते खरे असते तरी पैसे घेण्याचा त्यांना अधिकार नव्हता.

मी उपचाराची कागदपत्रे लेखी मागितली. अशी मागणी केल्यावर ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आम्हाला तीन आठवडे, कागद मुख्य कार्यालयात आहेत, एवढेच उत्तर मिळत राहिले आणि नंतर तो क्रमांक बंद झाला. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पावती, दोन्ही एक्स-रे, यूपीआयची नोंद आणि साखरेचे दोन्ही अहवाल जोडले आहेत. रोख दिलेल्या ६०,००० रुपयांचा पुरावा मात्र माझ्याकडे नाही.

आई आता रोज सकाळी खाटेवर बसून पाय सरळ करते, दहापर्यंत मोजते आणि खाली घेते. मांडीच्या स्नायूंना बळ यावे म्हणून हा व्यायाम सांगितला आहे. बिबड्यांसाठी तिला उंच स्टूल करून घेतले आहे आणि वजन चार किलो उतरले आहे. दुखणे गेलेले नाही, पण ती शेजारच्या ओट्यापर्यंत काठी घेऊन जाते.

ज्या तीन नातेवाइकांना मी शिफारस केली होती, त्यांतल्या दोघांना वेळेत फोन करता आला. तिसऱ्या, चोपड्याकडच्या मावशी, तोपर्यंत पैसे भरून आल्या होत्या. त्यांच्या मुलाला मी सांगितले, की टोचण्याआधी बाटली हातात घेऊन लेबल वाच, तिचा फोटो काढ आणि औषधाचे नाव बिलावर लिहून माग. त्याने तसे मागितले, तेव्हा त्याला दीड तास बाहेर बसवून ठेवले आणि शेवटी, आज डॉक्टर आलेले नाहीत, असे सांगून परत पाठवले. मावशींचे ४०,००० रुपये अजून तिकडेच आहेत, आणि त्यांची तक्रार लिहून देण्यासाठी मी येत्या रविवारी चोपड्याला जाणार आहे.