सायलेन्सर गळतोय: लेप लावावा की वेल्डिंग मारावं?

लेप म्हणजे डबीत मिळणारं, भोक बुजवायचं मिश्रण. दोन्ही करून झालंय, म्हणून लिहितो. पण आधी गळती नेमकी कुठे आहे ते ठरवा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

गार इंजिन उघड्यावर सुरू करा आणि कुणाला तरी जाड ओल्या फडक्याने मागच्या पाईपचं तोंड काही सेकंद दाबून धरायला सांगा. जिथे फट आहे तिथे फुसफुस ऐकू येते. नाही आली तर सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतील. उदबत्तीचा हलणारा धूरही जागा दाखवतो, फक्त ती पेट्रोलच्या नळीजवळ नेऊ नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, घोडी (लोखंडी स्टँड) लावा. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला की शोध संपला.

गारपणी टकटक येते आणि गाडी तापल्यावर थांबते, असं असेल तर मॅनिफोल्डकडे (इंजिनला लागून असलेल्या, धूर गोळा करणाऱ्या भागाकडे) बघा. धातू तापून फुगतो, फट मिटते, म्हणून आवाज जातो. पॅकिंग गेलं असेल तर ते नवंच घालायचं, लेपाचा तिथे काही उपयोग नाही. फ्लँजचंही (दोन पाईप बोल्टने जोडणाऱ्या चकतीचंही) तसंच: पॅकिंग नवं, नटबोल्ट नवे. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा, नाहीतर बोल्ट तुटून बसतो. आणि हो, सायलेन्सरच्या तळाशी अगदी बारीक गोल भोक असेल आणि त्यातून पाणी ठिबकत असेल तर ते बुजवू नका. पाणी साचून पत्रा आतून कुजू नये म्हणून ते बऱ्याचदा कंपनीनेच ठेवलेलं असतं.

आता उरला पाईप आणि सायलेन्सरचा पत्रा.

लेपाची बाजू घ्यायची तर तो स्वस्त आहे आणि रविवारी घरच्या घरी होतो. तारेच्या ब्रशने चकचकीत धातू लागेपर्यंत घासायचं, डबीवर सांगितलं असेल तर पाण्याने ओलं करायचं, भोकाच्या कडेपलीकडे बोटभर लेप पसरायचा आणि सांगितलेला वेळ वाळू द्यायचा. भोक मोठं असेल तर वरून पट्टी गुंडाळायची. सपाट रस्त्यावर, गावातल्या गावात, हे बरे दिवस टिकतं.

पण वाळलेला लेप ठिसूळ असतो. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना पाईप चांगलाच तापतो आणि जुलैत त्याच वेळी खालून डबक्यांचं पाणी उडतं. लेपाला तडा जातो. तेही चालवून घेतलं असतं, पुन्हा लावता येतो. माझं मत फिरलं ते पुढच्या गोष्टीने. आज ना उद्या गाडी वेल्डरकडे जातेच, आणि तेव्हा भाजून दगड झालेला लेप ग्राइंडरने काढावा लागतो. लेपाबरोबर गंजलेला पातळ पत्राही उडतो आणि रुपयाएवढ्या भोकाचं तळहाताएवढं होतं. थोडा लेप राहिला तर वेल्डिंगला बुडबुडे येतात, म्हणजे पुन्हा गळती. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन पाईपचा तुकडाच बदलावा लागतो.

वेल्डिंगही सगळीकडे चालतं असं नाही. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने भोकाभोवती टोचून बघा. टोक आत गेलं तर तो भाग बदलणंच बरं. पत्रा भक्कम असेल तर साध्या रॉडचा हट्ट धरू नका, तो पातळ पत्र्याला आणखी भोकं पाडतो. सीओटू वेल्डिंग (वायूच्या आडोशात बारीक तारेने करतात ते) सांगा, एमआयडीसीच्या बाजूला ते शोधावं लागत नाही. नुसतं भोक भरण्यापेक्षा दोन्हीकडे इंचभर पुढे जाणारी स्लीव्ह (बाहेरून बसणारा पाईपचा तुकडा) चढवून घ्या. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायला लावा आणि पेट्रोलची नळी जवळून जात असेल तर तिथे आधीच बोट दाखवा.

जाळीचा फ्लेक्झिबल पाईप फाटला असेल तर त्यावर लेप अजिबात नको. तो हलण्यासाठीच असतो. त्याच मापाचा नवा जोडा, आणि जोडताना तो पिळलेला किंवा ताणलेला राहू देऊ नका. इंजिन माउंटिंग आणि सायलेन्सरचे टांगणीचे रबर त्याच वेळी तपासा. ते गेले असतील तर नवा पाईपही पुन्हा फाटेल.

ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आणि इंजिन यांच्या मध्ये गळती असेल तर घाई करा. धुराच्या दोन झटक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी वाटतं, ईसीयू (इंजिनचा संगणक) ते वाढवतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. गाडीत धुराचा वास येत असेल तर काचा खाली ठेवून थेट दुकान गाठा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असं नाही.

घाटात अडकलात आणि कुणी जवळ नसेल, तर मी तरी तेव्हाही लेप टाळतो. पाईप गार होऊ द्यायचा, तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून भोकावर गुंडाळायचा आणि दोन होज क्लिपा आवळायच्या. थोडा आवाज येतो, पण घरी पोचता येतं, आणि वेल्डर दोन मिनिटांत ते सोडवून स्वच्छ पत्र्यावर काम सुरू करू शकतो.